हिमालयातील हिवाळी यात्रा आणि हिमस्खलनाचा धोका

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी श्रीकेदारनाथांच्या मंदिराचे द्वार विधिपूर्वक बंद होते. श्रींची पंचमुखी भोगमूर्ती पालखीत, म्हणजे तिकडच्या बोलीत डोलीत, विराजमान होते आणि मुक्काम करीत करीत ऊखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात येते. पुढे वैशाखापर्यंत केदारनाथांची पूजाअर्चा तेथेच चालते. बदरीनाथांचे द्वार त्यानंतर काही दिवसांनी बंद होते. तेथून उद्धव व कुबेर यांच्या मूर्ती पांडुकेश्वरी आणि शंकराचार्यांची गादी ज्योतिर्मठातील नृसिंह मंदिरी नेली जाते. गंगामाता मुखबा गावी, यमुनामाता खरसाली गावी आणि तुंगनाथ मक्कूमठात हिवाळा काढतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक भाविकांना हा केवळ उत्सवाचा भाग वाटतो. वास्तविक या प्रथेमागे पर्वताचे शतकानुशतकांचे निरीक्षण आहे. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे, तर ऊखीमठ सुमारे १,३०० मीटरवर. या दोन स्थानांमधील उंचीचा फरक म्हणजेच हिवाळ्यात मनुष्यवस्ती टिकू शकते अशी जागा आणि टिकू शकत नाही अशी जागा यांतील फरक होय. श्रीबदरीनाथांच्या मंदिराचाही वार्धक्यामुळे व हिमस्खलनाच्या तडाख्यांमुळे अनेकदा जीर्णोद्धार करावा लागला आहे.

अलीकडच्या काळात मात्र हिवाळ्यातही वर जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. तुंगनाथ–चंद्रशिला, केदारकंठा, दयारा बुग्याल या वाटांवर डिसेंबर ते मार्च या महिन्यांत मुंबई, पुणे, नाशिककडील मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. काहींना बर्फ पाहावयाचा असतो, काहींनी बंद द्वारासमोर का होईना माथा टेकण्याचा नवस केलेला असतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढलेल्या व्यक्तीस आपल्याला डोंगर ठाऊक आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बर्फाच्छादित हिमालयाचे काही नियम सह्याद्रीच्या नेमके उलट आहेत. प्रस्तुत लेखाचा हेतू ते नियम यात्रेकरूंच्या ध्यानी आणून देणे हा आहे.

हिमस्खलन म्हणजे काय

आपल्या वृत्तपत्रांत या घटनेस बहुधा 'हिमकडा कोसळला' असे म्हटले जाते. त्यामुळे वाचकाच्या मनात एखाद्या उंच सुळक्यावरून बर्फाचा प्रचंड तुकडा तुटून खाली पडल्याचे चित्र उभे राहते. असेही क्वचित घडते. परंतु पायी फिरणाऱ्या माणसांचे प्राण ज्या हिमस्खलनांत जातात, त्यांतील बहुसंख्य वेगळ्या प्रकारची असतात. उतारावर साचलेल्या हिमाचा वरचा एक थर खालच्या थरापासून सुटतो आणि ताटावरून भाकरी घसरावी तसा अखंड घसरू लागतो. घसरता घसरता त्याचे तुकडे होतात, वेग काही क्षणांत ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो आणि तळाशी पोहोचल्यावर सर्व काही अकस्मात थांबते. थांबल्यानंतर तो भुसभुशीत हिम राहत नाही. घर्षणाने व दाबाने तो इतका घट्ट होतो की, त्यात पुरलेल्या मनुष्यास हाताचे बोटही हलविता येत नाही.

थर का सुटतो हे समजण्यासाठी चिरोटा डोळ्यांसमोर आणावा. हिवाळ्यातील प्रत्येक हिमवर्षाव एक पापुद्रा टाकून जातो. कोणत्या पापुद्र्यावर ऊन पडून कवच झालेले असते, कोणता वाऱ्याने घट्ट बसविलेला असतो, तर कोणता अतिशय सुटा राहिलेला असतो. गढवालात नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये हिम थोडे पडते आणि नंतर अनेक दिवस आकाश निरभ्र राहते. जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते, तर वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरा अंशांपर्यंतही थंड होतो. या तफावतीमुळे तळाच्या हिमातील बाष्प वर सरकू लागते आणि हिमाचे कण बदलून जाड्या साखरेसारखे मोठे, कोरडे व सुटे होतात. असा हिम मुठीत घेऊन दाबला तरी त्याचा लाडू वळत नाही. पुढे जानेवारी–फेब्रुवारीत पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांबरोबर दोन-दोन, तीन-तीन दिवस सलग हिमवर्षाव होतो आणि या साखरेवर जड थर बसतो. वरून पाहणाऱ्यास सर्वत्र एकसारखी शुभ्र चादर दिसते. तिच्या खाली आधार आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही.

अशा थराचे वजन किती असावे? पन्नास मीटर लांब, तितकाच रुंद आणि केवळ अर्धा मीटर जाड असा तुकडा सुटला, तरी तो १,२५० घनमीटर होतो. एक घनमीटर हिमाचे वजन दोनशे किलो धरले, तर एकूण २५० टन. हा आकार मोठा मानला जात नाही. माणसास पुरण्यास याहून कितीतरी लहान तुकडा पुरतो, विशेषतः खाली ओढ्याची घळ असेल तर, कारण घळीत थोडा हिमदेखील खोल साचतो.

युरोप व अमेरिकेतील नोंदींवरून असे स्पष्ट झाले आहे की, ज्या हिमस्खलनांत प्रवासी मृत्युमुखी पडले, त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ स्खलने त्या व्यक्तीच्या अथवा तिच्या सोबत्यांच्या भारानेच सुरू झाली होती. पर्वत आपण होऊन त्यांच्यावर कोसळला नव्हता. कमकुवत थरावर कोणाचे तरी पाऊल पडले होते. ही गोष्ट भयावह वाटली तरी तीच आशादायकही आहे, कारण पाऊल कोठे टाकावयाचे हे बव्हंशी यात्रेकरूच्या हाती असते. मोठ्याने बोलल्याने वा जयघोषाने हिमस्खलन होते, ही समजूत मात्र खरी नाही. ध्वनीचा दाब त्यासाठी फार क्षीण असतो.

उताराचा प्रश्न

सह्याद्रीत ज्या कड्याकडे पाहून छाती दडपते, तो धोक्याचा असतो आणि ज्या उतारावर सहज चालता येते, तो सुरक्षित असतो. हिमात हा हिशेब लागू पडत नाही. अत्यंत उभ्या कड्यावर हिम साचतच नाही, थोडा थोडा घसरून जातो. अगदी सौम्य उतारावर तो साचतो, पण घसरत नाही. धोका या दोहोंच्या मधोमध, सुमारे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असतो. आपल्या घरातील सर्वसाधारण जिन्याचा चढ साधारण तीस ते पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे जिन्याइतका चढ असलेला, झाडे नसलेला, गुळगुळीत पांढरा उतार हा हिमालयातील सर्वांत संशयास्पद उतार होय. दुर्दैवाने तोच सर्वांत सुंदर दिसतो आणि छायाचित्रासाठी मंडळी तिकडेच धावतात.

उतार मोजण्याची एक सोपी रीत आहे. समान लांबीच्या दोन काठ्या घ्याव्यात. एक उतारावर सरळ उभी धरावी. दुसरी आडवी, चढाच्या दिशेने, तिचे एक टोक उभ्या काठीस लागून आणि दुसरे टोक उतारास टेकेल अशी धरावी. आडवी काठी उभ्या काठीच्या मध्यावर आली, तर उतार सुमारे सत्तावीस अंशांचा आहे. माथ्यावर आली तर पंचेचाळीसचा. मध्याच्या वर काठी जाऊ लागली की थांबून विचार करावा. हल्लीच्या मोबाइलमध्येही कोन मोजण्याची सोय असते, परंतु थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते आणि काठी उतरत नाही.

आपण स्वतः सपाट वाटेवर आहोत, एवढ्याने निश्चिंत होऊ नये. डोक्यावर तसा उतार असेल, तर वरून सुटलेला हिम वाटेपर्यंत व तिच्याही पुढे येऊ शकतो. चोपटा ते तुंगनाथ ही फरसबंद वाट उन्हाळ्यात वृद्धांनाही चालता येते. हिवाळ्यात फरशी व कठडा हिमाखाली गेल्यावर वाट आणि उतार यांतील भेद नाहीसा होतो. वळणावळणांनी जाण्याऐवजी मंडळी सरळ उतार कापून चढतात आणि नकळत उताराच्या मधोमध, म्हणजे थर तुटण्याच्या नेमक्या जागी, जाऊन पोहोचतात.

वारा हाही यातील मोठा भागीदार आहे. वाऱ्याच्या समोरील बाजूवरील हिम उचलून तो धारेपलीकडच्या, आडोशाच्या उतारावर टाकतो. आकाशातून हिम पडत नसतानाही अशा रीतीने काही तासांत तेथे मोठा थर साचू शकतो. धारेवर पुढे आलेला हिमाचा सज्जा दिसला, तर वारा कोणत्या बाजूने वाहत होता व भार कोठे पडला आहे हे कळते. त्या सज्जावर उभे राहू नये, त्याखालूनही जाऊ नये. शिखरावरील पुष्कळ छायाचित्रे नेमकी अशा जागी काढलेली असतात.

पर्वत देतो त्या सूचना

जेथे पूर्वी हिमस्खलने झाली आहेत, तेथे ती पुन्हा होतात. घनदाट अरण्यातून वरपासून खालपर्यंत झाडे नसलेला एक सरळ पट्टा दिसला, तर तो हिमाने केलेला रस्ता समजावा. भोजपत्राची रोपे तळापासून खालच्या बाजूस वाकलेली असणे, मोठ्या वृक्षांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या असणे, याही त्याच खुणा. गढवालातील गावकरी अशा घळींना नावाने ओळखतात. वाटाड्या एखाद्या ठिकाणी गप्पा थांबवून पावले उचलू लागला, तर त्याचे कारण विचारण्यात वेळ दवडू नये. पलीकडे गेल्यावर विचारावे.

ताज्या हिमवर्षावानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वाधिक धोक्याचे असतात. एका दिवसात तीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर आणि वर चार बोटे इतका हिम पडला असेल, तर उघड्या उतारावर जाण्याचा बेत पुढे ढकलावा. येथे महाराष्ट्रातील यात्रेकरूंची खरी अडचण होते. परतीच्या गाडीचे आरक्षण ठरलेले असते, रजा संपत आलेली असते. दोन दिवस हिमवर्षावात खोलीत बसून काढल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडते, आकाश निळेभोर होते आणि सर्वांना वाटते की देवानेच वाट मोकळी केली. हिमाच्या दृष्टीने मात्र ती सकाळ सर्वांत वाईट असते. वरचा भार नवा, खालचा थर अजून न सावरलेला आणि वर उन्हाची ऊब. म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी परतीच्या आरक्षणापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. हे पैशांच्या दृष्टीने महाग पडते, पण या यात्रेतील सर्वांत उपयोगी खर्च तोच होय.

चालताना पायाखालून 'धप्प' असा पोकळ, दबका आवाज आला आणि आजूबाजूचा हिम किंचित खाली बसला, तर खालचा कमकुवत थर मोडल्याची ती खूण आहे. पावलापासून हिमात भेग पळत गेली, तर तीही तीच खूण. यानंतर तर्क करीत बसू नये. आलेल्या पावलांनीच मागे फिरावे. समोरच्या उतारावर नुकतेच झालेले स्खलन दिसणे, दुपारी उतारावरून हिमाचे लहान गोळे आपोआप गडगडत येणे, रात्री हिम न गोठता पाऊस पडणे, या सूचनाही तितक्याच स्पष्ट असतात.

चार घटना

फार जुन्या काळात जाण्याचे कारण नाही. दि. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील 'द्रौपदी का डांडा–२' या शिखरावर तेथील प्रसिद्ध गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींचे पथक हिमस्खलनात सापडले. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मिळून २९ जण मृत वा बेपत्ता झाले. ही मंडळी अनभिज्ञ नव्हती. दोर, कुऱ्हाडी, काटेरी बूट सर्व त्यांच्याजवळ होते. अनुभव धोका कमी करतो, परंतु हिमास अनुभव दिसत नाही.

दि. ४ जून २०२३ रोजी हेमकुंड साहिबच्या वाटेवर अटलाकोटी येथे यात्रेकरूंवर हिम आला. पाच जणांना वाचविण्यात आले. एका महिला यात्रेकरूचा मृत्यू झाला. जून महिन्यातील ही घटना आहे, हे ध्यानात घ्यावे.

दि. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे बदरीनाथनजीकच्या माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या तळावर हिमस्खलन झाले. तेथे रस्त्यावरील हिम हटविणारे ५४ कामगार होते. सेना, भारत-तिबेट सीमा पोलीस व आपत्ती दलाच्या जवानांनी हिमवर्षावात शोध घेऊन ४६ जणांना वाचविले. आठ जणांचे प्राण गेले. कामगार लोखंडी कंटेनरमध्ये राहत असल्याने पुष्कळांना आत श्वासापुरती जागा मिळाली, असे बचाव करणाऱ्यांनी सांगितले. चंडीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेने आदल्या सायंकाळीच चमोलीसह उत्तराखंडातील पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरील भागासाठी हिमस्खलनाची सूचना प्रसृत केली होती.

दि. ७ फेब्रुवारी २०२१ ची ऋषिगंगेची दुर्घटना याच मालिकेत सांगितली जाते, पण ती वेगळ्या जातीची होती. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक व बर्फ एकत्र कोसळून नदीस पूर आला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. अशा घटनेत यात्रेकरूची काठी वा सावधगिरी उपयोगी पडत नाही. येथे तिचा उल्लेख एवढ्यासाठीच की, सर्व हिमस्खलने टाळता येतात असा समज कोणी करून घेऊ नये.

द्वार उघडल्यानंतरचा हिम

बहुसंख्य भाविक हिवाळ्यात नव्हे, तर एप्रिल-मे महिन्यांत, द्वार उघडल्यानंतरच्या पहिल्या गर्दीत केदारनाथी जातात. त्यांनीही पुढील मजकूर वाचावा. गौरीकुंडाहून वर जाणाऱ्या मार्गावर भैरव गदेरा, कुबेर गदेरा इत्यादी घळी लागतात. तेथे वाटेच्या दोन्ही अंगांस बर्फाच्या उंच भिंती असतात आणि कामगारांनी त्या कापून वाट काढलेली असते. स्थानिक लोक यांना 'ग्लेशियर' म्हणतात. शास्त्रीय अर्थाने ते हिमनद नव्हेत. हिवाळाभर त्या घळीतून उतरलेल्या हिमस्खलनांचा तो ढीग आहे. म्हणजे यात्रेकरू जेथे थांबून छायाचित्र काढतो, ती जागा हिमाची नेहमीची वाट आहे. मे २०२३ मध्ये याच घळींत पुन्हा हिम येऊन मार्ग बंद झाला व यात्रा काही काळ थांबवावी लागली होती.

उन्हाळी हिमाचा स्वभाव निराळा. तो पाण्याने जड झालेला असतो. रात्री गोठून दगडासारखा घट्ट होतो आणि दुपारी ऊन लागल्यावर आतून सैल पडतो. त्यामुळे अशा घळी सकाळी लवकर ओलांडाव्यात. भिंतीस पाठ लावून बसू नये, तिच्यावर चढू नये. ओढ्यावरील बर्फाचा पूल वरून भक्कम दिसला तरी खालून पाण्याने पोखरलेला असतो. घोडेवाले ज्या वाटेने जात नाहीत, त्या वाटेने जवळचा रस्ता म्हणून जाऊ नये. मुलांचा हात अशा ठिकाणी सोडू नये.

केदारनाथ मंदिराच्या मागे चोराबाडी हिमनदाच्या वरच्या अंगास हिमाचा लोट उतरताना पाहिल्याची वृत्ते सप्टेंबर–ऑक्टोबर २०२२ व जून २०२४ मध्ये सर्वत्र पसरली. त्या वेळी मंदिर परिसरास कोणतीही हानी पोहोचली नाही. उंच शिखरांवर अशी स्खलने वरचेवर होतात. त्यांची चलत्चित्रे पाहून यात्रा रद्द करण्याचे कारण नाही; प्रशासन काय सांगते, ते पाहावे.

कोणी सापडल्यास

हिमाखाली पूर्ण पुरलेल्या मनुष्याचा शत्रू थंडी नसून गुदमरणे हा असतो. स्वित्झर्लंडमधील दीर्घकालीन नोंदींनुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतील नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटल्यावर हे प्रमाण तिघांत एकावर येते. हिमालयात बाहेरचे मदतपथक अर्ध्या तासात पोहोचणे बहुधा अशक्य असते. याचा सरळ अर्थ असा की, सापडलेल्यास वाचविणारे त्याचे सोबतीच असतात, दुसरे कोणी नाही.

यासाठी जाणकार प्रवासी तीन वस्तू बाळगतात. पहिली, अंगावर बांधावयाचे संदेश पाठविणारे व पकडणारे लहान यंत्र. दुसरी, हिमात खुपसून शोध घेण्याची लांब घडीची सळई. तिसरी, धातूचे फावडे. तिन्ही प्रत्येकाजवळ हव्यात, कारण ज्याच्याजवळ फावडे आहे तोच पुरला गेला, तर इतरांनी हातांनी काय करावयाचे? घट्ट झालेला हिम हातांनी खणला जात नाही. हिवाळी पदभ्रमण घडविणाऱ्या संस्थेकडे पैसे भरण्यापूर्वी या तीन वस्तू मिळतील काय आणि त्या वापरण्याचा सराव करून घेतला जाईल काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तरादाखल केवळ उबदार कपड्यांची यादी मिळाली, तर समजून घ्यावे.

संशयास्पद उतार ओलांडणे अटळच असेल, तर एका वेळी एकानेच जावे व बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे पाहत राहावे. हिम सुटलाच, तर त्याने ओरडावे, बाजूस निघण्याचा प्रयत्न करावा, हातातील काठ्या सोडाव्यात, वर राहण्यासाठी हातपाय मारावेत आणि वेग मंदावू लागताच दोन्ही हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी राखावी. पाहणाऱ्यांनी तो शेवटी जेथे दिसला, ती जागा डोळ्यांत साठवावी. पुन्हा हिम येण्याचा धोका नाही याची खात्री करून त्या जागेच्या खालच्या अंगास शोध सुरू करावा. टोपी, हातमोजा, काठी जे काही वर दिसेल, त्याच्या आसपास सळई खुपसावी. एकजण ११२ क्रमांकावर कळविण्यासाठी जाऊ शकतो, पण सर्वांनी मदत आणण्यासाठी धावू नये. सापडल्यावर प्रथम चेहरा व छाती मोकळी करावी, तोंडातील हिम काढावा. श्वास नसल्यास कृत्रिम श्वसन सुरू करावे. शरीर थंडगार आहे म्हणून मृत मानू नये. वैद्यकीय व्यक्तीने सांगेपर्यंत प्रयत्न चालू ठेवावेत. अशा व्यक्तीस चोळू नये, चालवू नये, मद्य देऊ नये.

जाण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज आणि वर उल्लेखिलेल्या चंडीगडच्या संस्थेची हिमस्खलन-सूचना पाहावी. ही सूचना जिल्हा व उंचीनुसार असते. आपला मुक्काम किती मीटरवर आहे, हे त्यासाठी ठाऊक असले पाहिजे. जिल्हा प्रशासनाने मार्ग बंद केला असेल, तर आडवाटेने जाऊन देणारा वाटाड्या शोधू नये. असा वाटाड्या मिळतोही. त्याच्या घरीही मुलेबाळे असतात आणि यात्रेकरूच्या आग्रहापोटी व हजार-दोन हजार रुपयांसाठी तो नाही म्हणू शकत नाही. वाटाड्याने मागे फिरण्यास सांगितल्यास ठरलेली रक्कम त्याला पूर्ण द्यावी आणि तसे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, म्हणजे मजुरी बुडेल या भीतीने तो गप्प बसणार नाही.

नवसाचा प्रश्न ज्यांच्यापुढे असेल, त्यांनी ऊखीमठास जावे. हरिद्वार वा ऋषिकेशहून रुद्रप्रयागमार्गे तेथपर्यंत मोटाररस्ता आहे. हिवाळ्यात केदारनाथांची नित्यपूजा याच ठिकाणी होत असल्याने येथील दर्शन हे केदारनाथांचेच दर्शन मानले जाते. द्वितीय केदार मध्यमहेश्वर यांचेही हिवाळी स्थान हेच आहे. तुंगनाथांसाठी मक्कूमठ, बदरीनाथांसाठी पांडुकेश्वर व ज्योतिर्मठ. वृद्ध व लहान मुले यांनाही ही स्थाने सुलभ आहेत. मात्र जानेवारी–फेब्रुवारीत पहाटे रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून वाहन सूर्योदयानंतर काढावे. केदारनाथांचे द्वार पुढील वर्षी कोणत्या तिथीस उघडणार, हे महाशिवरात्रीच्या दिवशी ओंकारेश्वर मंदिरात पंचांग पाहून जाहीर केले जाते. त्या दिवशी ऊखीमठात असणाऱ्या भाविकांस ती तिथी तेथेच ऐकावयास मिळते आणि उन्हाळी यात्रेचे आरक्षण त्यानंतर करता येते.